गाठीतलं कोलेस्टेरॉल मोजताना छेदात काय घ्यायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही सोलापुरात बायोकेमिस्ट्रीत एमडी करताय. स्तनाच्या कर्करोगाच्या २४ रुग्णांकडून गाठीचा एक तुकडा आणि त्याच स्तनातला, गाठीपासून दूरचा, ‘निरोगी’ तुकडा घेतलात. फोल्च पद्धतीने, म्हणजे क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये, लिपिड (चरबीवर्गी पदार्थ) काढलंत, रक्ताच्या सिरमसाठीच्या नेहमीच्या एन्झाइम किटवर कोलेस्टेरॉल मोजलंत आणि प्रति मिलिग्रॅम प्रथिन उत्तर काढलंत. निरोगी बाजूचा आकडा गाठीच्या दुपटीहून जास्त येतोय. गाइड म्हणतात किट बिघडलंय, उलट यायला हवं होतं. संख्या वाढवायला पॅथॉलॉजीतले जुने पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) घ्या, असंही त्यांनी सुचवलंय. जाता जाता तुम्ही विचारलंय की कोलेस्टेरॉलपासून शरीरात बनणारं २७-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल इथे मोजता येईल का.

किटकडे नंतर येतो. आधी तो निरोगी तुकडा डोळ्यांसमोर आणा. पन्नाशी ओलांडलेल्या बाईच्या स्तनात गाठीपासून चार-पाच सेंटिमीटर दूर कापलं की हातात येते ती बहुतेक पिवळी चरबी. नलिका आणि ग्रंथी त्यात कुठेतरी विखुरलेल्या. चरबीच्या पेशीत ट्रायग्लिसराइडचा एक मोठा थेंब असतो आणि बाकी सगळा जीव कडेला चेपलेल्या पापुद्र्यात. म्हणजे प्रथिन अगदीच थोडं. गाठ मात्र पेशींनी आणि तंतूंनी ठासलेली, सुरीखाली करकरणारी. या दोन वस्तूंना तुम्ही एकाच मापाने भागताय.

सोपे आकडे घेऊन हिशोब मांडतो. हे ना तुमच्या वहीतले ना माझ्या, फक्त समजण्यापुरते. समजा १०० मिलिग्रॅम चरबीत प्रथिन २ मिलिग्रॅम, एकूण लिपिड ७० मिलिग्रॅम आणि कोलेस्टेरॉल १०० मायक्रोग्रॅम आहे. १०० मिलिग्रॅम गाठीत प्रथिन १० मिलिग्रॅम, लिपिड ५ मिलिग्रॅम आणि कोलेस्टेरॉल २०० मायक्रोग्रॅम. ओल्या वजनाने भागलं तर गाठीत दुप्पट. प्रथिनाने भागलं तर निरोगी बाजूला ५० आणि गाठीत २०, म्हणजे निरोगी बाजू अडीच पट वर. एकूण लिपिडने भागलं तर १.४ विरुद्ध ४०, गाठ जवळजवळ २८ पट. नळ्या त्याच, किट तेच, निष्कर्ष तीन. एकीकडे टरफलासकट शेंगा तोलायच्या, दुसरीकडे सोललेले दाणे, आणि मग भाव कुणाचा चढलाय यावर वाद घालायचा, तसं हे आहे.

म्हणून ‘उलट यायला हवं होतं’ या वाक्यातच गोंधळ आहे. कशाच्या प्रमाणात उलट, हे आधी ठरवायला हवं. गाठीच्या पेशी झपाट्याने वाढतात, त्यांना नव्या पेशीपटलांसाठी कोलेस्टेरॉल लागतं, त्या ते स्वतः बनवतात आणि रक्तातल्या एलडीएल कणांमधूनही ओढतात, हे सगळं खरं. पण तुमच्या नळीत सुट्या पेशी नव्हत्या, पेशींचं मिश्रण होतं. दोन्ही बाजूंची मिश्रणंच वेगळी असतील तर आकड्यातला फरक कर्करोगाचा की चरबीचा, हे किट सांगू शकत नाही.

हाच घोळ मी स्वतः घातलेला आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी अशीच जोडी-जोडीने तुलना केली, फरक एवढा ठळक आला की पी-व्हॅल्यूत शून्यंच शून्यं. पोस्टर घेऊन एका परिषदेला गेलो. तिथे एका वयस्कर पॅथॉलॉजिस्ट बाईंनी विचारलं, “तुमच्या नॉर्मलचा स्लाइड बघितलात का?” बघितला नव्हता. परत आल्यावर शिल्लक तुकड्यांचे स्लाइड केले, तर निम्म्याहून जास्त ‘नॉर्मल’ तुकड्यांत एकही ग्रंथी नव्हती. नुसती चरबी! पोस्टर अजून कपाटामागे आहे.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. तुकडा हातात आला की दोन्ही टोकांचे पातळ काप हिस्टॉलॉजीला जातात, मधला भाग गोठवायला. त्या कापांवर पॅथॉलॉजिस्ट अंदाजाने सांगतात की गाठीच्या पेशी किती टक्के, चरबी किती, तंतुमय भाग किती, मेलेला भाग किती. गाठीच्या पेशी निम्म्याहून कमी असतील तर तो नमुना मी मुख्य तुलनेत घेत नाही; वहीत ठेवतो, फेकत नाही. मराठीत अपूर्णांकाखालचा आकडा आणि सूक्ष्मदर्शकाखालचा काप, दोघांनाही छेदच म्हणतात. या कामात एक बघितल्याशिवाय दुसरा ठरवू नये.

डीएनएने भागावं का? बरेच जण भागतात, कारण त्यातून पेशींच्या संख्येचा अंदाज येतो. चरबीच्या बाबतीत ते प्रथिनापेक्षा बरं. पण गाठीच्या पेशींत गुणसूत्रांचा हिशोबच बिघडलेला असतो, शिवाय घुसलेल्या लिम्फोसाइट पेशींचा डीएनएही मोजला जातो. प्रथिनालाही वेगळी खोड आहे: प्रथिन मोजायचा ब्रॅडफर्डचा रंग कोलॅजन या तंतूंच्या प्रथिनाला नीट धरत नाही, आणि गाठीभोवतीचा कडक भाग म्हणजे कोलॅजनच. निर्दोष छेद मला आजवर सापडलेला नाही. म्हणून मी ओलं वजन, प्रथिन आणि डीएनए अशा तिन्ही रकान्यांत आकडे देतो, आणि ज्या निष्कर्षाची दिशा तिन्ही रकान्यांत एकच राहते त्यावरच बोलतो.

तुमच्या प्रबंधाला वाचवणारी एक वाट मात्र आहे, आणि तिला छेदच लागत नाही. मुक्त कोलेस्टेरॉल आणि एस्टर झालेलं (फॅटी ॲसिड जोडलेलं) कोलेस्टेरॉल वेगळं मोजा आणि एस्टरचा एकूणात वाटा काढा. दोन्ही आकडे त्याच नळीतले, त्यामुळे वजन, प्रथिन, डीएनए सगळं आपोआप कटतं. यातली गंमत अशी की चरबीची पेशी ट्रायग्लिसराइडचं कोठार असली तरी तिच्यातलं कोलेस्टेरॉल बहुतांश मुक्त असतं. पेशीला जास्तीचं कोलेस्टेरॉल साठवायचं असेल तर एसीएटी हे एन्झाइम त्याला फॅटी ॲसिड जोडून एस्टर करतं आणि ते बारीक थेंबांत ठेवतं. म्हणजे गाठीत एस्टरचा वाटा जास्त निघाला तर त्याला काही जैविक अर्थ लावता येतो, चरबीच्या भेसळीवर ढकलता येत नाही. एवढी खबरदारी घ्या: गाठीत मेलेला भाग किंवा फेसाळ मॅक्रोफेज (चरबी गिळलेल्या सफाई पेशी) असतील तर तेही एस्टरने भरलेले असतात. शस्त्रक्रियेआधी केमो झालेल्या रुग्णांत हे फार दिसतं. आपल्याकडे मंगळवेढा, अक्कलकोट, पंढरपूरकडून येणाऱ्या बायका बऱ्याचदा गाठ मोठी झाल्यावरच येतात, आधी केमो, मग ऑपरेशन. २४ जणींपैकी किती केमोनंतरच्या आहेत ते आधी वेगळं काढा.

एस्टरचा आकडा काढताना एकूणातून मुक्त वजा करण्याचा मोह होतो. किटमधून कोलेस्टेरॉल एस्टरेज वगळलं की मुक्त मोजता येतं, बाकी वजाबाकी. पण एस्टर एकूणाच्या दहा टक्केच असेल आणि दोन्ही मापांत पाच-पाच टक्के चूक असेल, तर वजाबाकीत उरते ती बहुतेक चूकच. त्यापेक्षा जुनी सिलिकाची टीएलसी (पातळ थरावर पदार्थ वेगळे करणारी) प्लेट काढा. हेक्झेन, डायइथाइल ईथर आणि ॲसिटिक ॲसिड ८०:२०:१ घेतलं की एस्टर सगळ्यात वर जातं, त्याखाली ट्रायग्लिसराइड, मग फॅटी ॲसिड, मग मुक्त कोलेस्टेरॉल, आणि फॉस्फोलिपिड खाली ठिपक्यावरच बसून राहतं. कडेची एक पट्टी रंगवा, तिच्या आधाराने बाकीच्या न रंगवलेल्या पट्ट्या खरवडा, सिलिकातून एस्टर धुऊन काढा आणि मग किटवर मोजा. खर्च फारसा नाही, पण दिवस जातो. इतर लिपिडही सुटून निघत असल्याने पुढची डोकेदुखीही यातच बरीच कमी होते.

आता किट. ते बिघडलंय असं मला वाटत नाही, पण ते सिरमसाठी बनलंय हे विसरू नका. त्यात एस्टरेज एस्टर तोडतं, कोलेस्टेरॉल ऑक्सिडेजमुळे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि पेरॉक्सिडेज त्यातून गुलाबी रंग काढतं, तो ५०० नॅनोमीटरच्या आसपास वाचतो. सिरममध्ये कोलेस्टेरॉल लायपोप्रोटीनमध्ये बांधलेलं, पाण्यात तरंगणारं असतं. तुमचा क्लोरोफॉर्ममधला अर्क तसा नाही. क्लोरोफॉर्मचा वासही उरला तर एन्झाइम मरतं. पूर्ण वाळवल्यावर जे उरतं ते चरबीच्या तुकड्यात जवळजवळ तेलच. ते ट्रायटन या साबणासारख्या द्रवात नीट विरघळलं नाही तर नळी गढूळ होते, आणि फोटोमीटरला गढूळपणा आणि रंग यातला फरक कळत नाही. म्हणजे निरोगी बाजूचा तुमचा आकडा प्रथिनाच्या छेदामुळे वर गेलाच, गढूळपणामुळे आणखी थोडा गेला असू शकतो.

तपासायला अर्धा दिवस पुरे. एकाच अर्काचे १०, २० आणि ४० मायक्रोलिटर घ्या. वाचन दुप्पट, चौपट झालं नाही तर काहीतरी चुकतंय. प्रत्येक अर्काचा एन्झाइमशिवायचा ब्लँक, म्हणजे तुलनेची कोरी नळी, लावा. स्टँडर्ड (माहीत प्रमाणाचं कोलेस्टेरॉल) पाण्यातलं नको, तुमच्याच आयसोप्रोपॅनॉल-ट्रायटनमधून नेलेलं हवं. आणि दोन-तीन तुकड्यांत कुटण्याआधीच १०० मायक्रोग्रॅम शुद्ध कोलेस्टेरॉल घालून शेवटी किती परत मिळतं ते बघा. मला ८५ ते ११० टक्के मिळालं तर मी पुढे जातो. हे आकडे प्रबंधात छापा. परीक्षकांना तेवढ्याने निम्मे प्रश्न पडत नाहीत, हा अनुभव.

फोल्चबद्दल चार शब्द. १९५७ ची ही पद्धत आजही टिकून आहे: क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल २:१, टिश्यूच्या वीसपट, म्हणजे ५० मिलिग्रॅमला एक मिलिलिटर. चरबीचा तुकडा आधी थंड बफरमध्ये कुटू नका. चरबी गोठते, दांड्याला चिकटते आणि तुमचं कोलेस्टेरॉल बेसिनमध्ये जातं. सरळ सॉल्व्हंटमध्येच कुटा. काचेच्या नळ्या, टेफ्लॉनचं झाकण. पॉलिस्टायरीनच्या नळीत क्लोरोफॉर्म ओतून नळीच विरघळवणारा विद्यार्थी दरवर्षी एक तरी असतो. एका वर्षी तो मी होतो. आणि तुकडा आधी थंड सलाइनमध्ये धुऊन रक्त काढा. रक्तात कोलेस्टेरॉल २०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असेल तर दहा मायक्रोलिटर प्लाझ्मातच २० मायक्रोग्रॅम येतं, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या गाठीच्या एक दशांश.

पॅराफिन ब्लॉकची गोष्ट लवकर संपते: नको. फॉर्मेलिननंतर टिश्यू अल्कोहोलमधून, मग झायलीनमधून, मग गरम मेणात जातो. चढत्या अल्कोहोलने आणि झायलीनने तेच काम केलेलं असतं जे तुम्ही क्लोरोफॉर्मने करणार होतात. नेहमीच्या स्लाइडवर चरबीच्या पेशी रिकाम्या पांढऱ्या भोकांसारख्या दिसतात त्या यामुळेच. ब्लॉकमध्ये जे कोलेस्टेरॉल उरतं त्याला आकडा म्हणून काही अर्थ नाही. ब्लॉक वापरायचेच असतील तर प्रथिनांसाठी वापरा. त्याकडे खाली येतो. कोलेस्टेरॉल डोळ्यांनी बघायचं असेल तर क्रायोस्टॅटचे गोठवलेले काप घ्या. मुक्त कोलेस्टेरॉलला फिलिपिन, थेंबांतल्या चरबीला ऑइल रेड ओ, हे रंग लावा. फिलिपिन उजेडात झपाट्याने फिकं पडतं, त्यामुळे फोटो लगेच काढा.

२७-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉलचं आकर्षण मला समजतं. कोलेस्टेरॉलपासून सीवायपी२७ए१ हे एन्झाइम ते बनवतं, सीवायपी७बी१ ते पुढे मोडतं, आणि ते इस्ट्रोजेन रिसेप्टरला जाऊन बसतं. २०१३ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या उंदरांवरच्या कामात त्याने गाठीची वाढही वाढवली आणि पसरणंही. पण मोजायला हे अवघड जनावर आहे. रक्तात ते मिलिलिटरला शे-दोनशे नॅनोग्रॅम, तर कोलेस्टेरॉल दोन मिलिग्रॅम. म्हणजे दहा हजारांत एक असं. किट इथे उपयोगाचं नाही, कारण त्यातलं ऑक्सिडेज तिसऱ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल बघतं, आणि तो कोलेस्टेरॉलवरही तसाच असतो. फार्मसी कॉलेजातल्या एचपीएलसीवर (पदार्थ वेगळे करणाऱ्या यंत्रावर) यूव्ही प्रकाशाने पकडावं म्हटलं तर स्टेरॉलचं शोषण २०५-२१० नॅनोमीटरला, तेही दुबळं. याला ट्रिपल क्वाड्रुपोल (रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र) लागतं, ड्युटेरियम लावलेलं अंतर्गत स्टँडर्ड पहिल्या थेंबापासून घालावं लागतं, आणि २४, २५, २७ या तिन्ही हायड्रॉक्सींचं वस्तुमान एकच असल्याने कॉलमवर त्यांना वेगळं करावं लागतं. शिवाय ते बरंचसं एस्टर रूपात असतं, तेव्हा आधी थंड्या अल्कलीने तोडायचं. गरम करू नका, त्यात ७-कीटोकोलेस्टेरॉल मोडतं.

मोठा धोका वेगळाच आहे. हवेत कोलेस्टेरॉल आपोआप ऑक्सिडाइझ होतं आणि ७-कीटो, ७-हायड्रॉक्सी, इपॉक्साइड असे पदार्थ तयार होतात. २०० मायक्रोग्रॅम कोलेस्टेरॉलपैकी हजारांत एक भाग जरी असा बिघडला तरी २०० नॅनोग्रॅम नकली ऑक्सीस्टेरॉल (ऑक्सिडाइझ झालेलं कोलेस्टेरॉल) तयार. २७ चा आकडा यातून सहसा फुगत नाही, पण ‘सगळे ऑक्सीस्टेरॉल मोजले’ म्हणणाऱ्याची फजिती होते. एका उन्हाळ्यात, बाहेर ४३ अंश असताना, आमच्या जुन्या फ्रीजरची वीज रात्रभर गेली. सकाळी नमुने वितळलेले होते. ते परत गोठवून, कुणाला न सांगता, मोजले गेले. गाठीत ७-कीटो भरमसाट आलं म्हणून आठवडाभर आम्ही आनंदात होतो. ऑक्सिडेशन रोखायला बीएचटी आणि ईडीटीए घालणं, नायट्रोजनखाली वाळवणं, कोलेस्टेरॉलचा मोठा साठा सिलिकाच्या छोट्या कॉलमवर आधीच वेगळा करणं, हे सगळं मी त्या आठवड्यानंतर शिकलो. तुमचे नमुने बिघडलेत का हे बघायला मात्र एचपीएलसी कामाला येतं: ७-कीटो २४० नॅनोमीटरच्या आसपास चांगलं शोषतं.

तेव्हा एमडीच्या वेळेत आणि पैशात २७ नको. त्याऐवजी तेच पॅराफिन ब्लॉक घ्या आणि सीवायपी२७ए१ व सीवायपी७बी१ यांची इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (प्रतिपिंडांनी कापावर प्रथिन रंगवून बघणं) करा. प्रथिनं ब्लॉकमध्ये टिकतात. गाइडचे ब्लॉकही कामी येतील आणि ते खूशही राहतील. फक्त एन्झाइम दिसलं म्हणजे पदार्थ मोजला असं लिहू नका.

नमुने नव्याने घेणार असाल तर खरी लढाई ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, आहे. रक्तवाहिन्या बांधल्या की घड्याळ सुरू होतं. आपल्याकडे स्पेसिमेन किडनी ट्रेमध्ये बाहेर जातो, नातेवाइकांना दाखवतात, मग वॉर्डातले मामा तो फॉर्मेलिनच्या बरणीत टाकतात. कधी वीस मिनिटं, कधी दीड तास. ओटीतल्या सिस्टरशी आधी बोला, वेळ वहीवर लिहायला लावा. तुकडा तुम्ही कापायचा नाही. पॅथॉलॉजिस्ट कडा बघून, शाई लावून देतील तेवढाच घ्यायचा. रुग्णाचं निदान तुमच्या प्रबंधापेक्षा मोठं आहे. संमतीपत्र मराठीसोबत कानडी आणि तेलुगूतही करून घ्या. सोलापुरात ते लागतंच, आणि एथिक्स कमिटी विचारणारच. रुग्ण कधीकधी विचारतात, “तूप बंद करू का?” गाठीतल्या आकड्यावरून ताटाबद्दल काही सांगता येत नाही, असं स्पष्ट सांगा.

गाइडना सांगताना किटपासून सुरुवात करू नका. २४ पैकी पाच-सहा निरोगी तुकड्यांचे स्लाइड करून घ्या आणि ते त्यांच्यासमोर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. मग तीन छेदांचा तक्ता, केमो झालेल्या रुग्णांची वेगळी यादी, आणि टीएलसीवरून काढलेला एस्टरचा वाटा. निरोगी तुकड्यात ग्रंथी नसेलच तर त्याला ‘स्तनातली चरबी’ असं त्याचं खरं नाव द्या. तुलना तीच राहते, शीर्षक बदलतं.

तुकडे गोठवायला लागणाऱ्या द्रव नायट्रोजनसाठी पुण्याला फोन करत बसू नका. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाचं वीर्य द्रव नायट्रोजनमध्येच ठेवतात, त्यामुळे आपल्या जिल्ह्यात तो तालुक्याला पोहोचतो. पशुसंवर्धनवाल्यांकडे रीतसर पत्र घेऊन जा, मला एकदाही नाही म्हटलेलं नाही. डब्याचं झाकण घट्ट बसवू नका, वायूला वाट हवी, आणि गाडीतून आणताना भर मे महिन्यातही काचा खाली ठेवा.